मोटारीचा हीटर थंड का पडतो ?

उत्तर भारताच्या तुलनेने महाराष्ट्रातील हिवाळा सौम्य असल्याने मोटारीतील हीटर ही येथे बहुतांशी चैनीची वस्तू समजली जाते. गाडी घेतल्यापासून हीटरच्या खटक्याला कधी हातच लावला नाही, असे सांगणारे मालक आणि चालक पुष्कळ भेटतात. आणि ज्या पहाटे हात लावण्याची वेळ येते, नेमका त्याच पहाटे त्यातून थंड वारा येतो. थंडीच्या लाटेत निफाड परिसरातील किमान तापमान पाच अंश सेल्सियसच्या खाली उतरते. मेळघाट, तोरणमाळ, अक्राणी या डोंगराळ भागांतही पौष-माघातील पहाटे बोचऱ्या असतात. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून नवजात बालकाला घेऊन मोठ्या रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेत हीटर चालतो की नाही, हा चैनीचा प्रश्न राहत नाही.

तथापि हीटरकडे लक्ष देण्याचे याहूनही व्यापक असे एक कारण आहे, आणि ते भर उन्हाळ्यातही तितकेच लागू पडते. हीटर हे मोटारीत बसविलेले स्वतंत्र यंत्र नव्हे. इंजिन थंड ठेवण्याची जी व्यवस्था असते, तिचेच ते एक अंग होय. त्यामुळे हीटरमधून अवचित थंड वारा येऊ लागला, तर पुष्कळदा तो इंजिनातील पाणी कमी होत चालल्याचा पहिला निरोप असतो. हा निरोप ज्याला वाचता येतो, त्याचे इंजिन वाचते.

चूल आणि वैल

खेड्यातील घरात चुलीशेजारी वैल असतो. त्याला वेगळे सरपण लागत नाही. चुलीतला जो जाळ पुढे सरकतो, त्यावरच वैलावरचे भांडे तापते. मोटारीचा हीटर हा असाच इंजिनाचा वैल आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच उपयुक्त कामी येतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या धातूत उतरते. ती सतत काढून घेतली नाही, तर काही मिनिटांतच इंजिन निकामी होईल. म्हणून सिलिंडरभोवती पोकळ्या ठेवलेल्या असतात आणि पंपाच्या साहाय्याने त्यांतून पाणी खेळविले जाते. तापलेले पाणी गाडीच्या तोंडाशी असलेल्या रेडिएटरमध्ये जाते, वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनाकडे परतते.

या मार्गावर थर्मोस्टॅट नावाचा एक पहारेकरी असतो. त्याच्या पोटात मेण भरलेले असते. पाणी साधारणपणे ८० ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापले की मेण वितळून फुगते आणि रेडिएटरकडील वाट उघडते. तोवर ती वाट बंद असल्याने इंजिन लवकर तापते व योग्य तापमानाला येते. हीटरकडे जाणारी वाट मात्र वेगळी असते. इंजिनातून निघालेली एक रबरी नळी डॅशबोर्डमागे बसविलेल्या छोट्याशा रेडिएटरकडे गरम पाणी नेते आणि दुसरी ते परत आणते. गॅरेजमध्ये या छोट्या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअरचा पंखा त्यावरून वारा फेकतो आणि गाडीतील माणसांना ऊब मिळते. चालकासमोरचे निळे-तांबडे बटण फिरविले की बहुतेक गाड्यांत आतली एक झडप हलते आणि वारा कोअरवरून न्यायचा की त्याला वळसा घालून, हे ठरते.

एवढी रचना ध्यानात घेतली म्हणजे बिघाड शोधण्याचे निम्मे काम झाले. पाणी तापले पाहिजे, ते कोअरपर्यंत पोचले पाहिजे आणि वारा त्यावरून वाहिला पाहिजे. या तीनपैकी जे घडत नाही, तेथे दोष.

वारा मुळी येतच नसेल, तर तो निराळा विषय आहे. तेथे फ्यूज, ब्लोअरची मोटर किंवा तिचा वेग बदलणारा भाग तपासावा; पाण्याशी त्याचा संबंध नाही. तसेच गाडी सुरू केल्याबरोबर गरम वारा मिळण्याची अपेक्षाही चुकीची आहे. डिझेल इंजिने सावकाश तापतात आणि उभ्या गाडीत ती नुसती चालू ठेवली तर आणखीच सावकाश. आठ-दहा किलोमीटर धावल्यावरही वारा थंडच असेल, तर मात्र पुढचा विचार करावा.

पाणी कोठे गेले ?

सर्वांत अधिक आढळणारे कारण सर्वांत साधे आहे. इंजिनात पाणी कमी असते. हीटरची वाट उंचावर आणि अरुंद असल्याने पाण्याची पातळी उतरली की बहुधा तीच प्रथम कोरडी पडते. इंजिनाच्या पोकळ्यांत मात्र अजून बरेच पाणी असते आणि गाडी धावत राहते. इंजिन जोरात फिरविले की वारा थोडा कोमट होतो आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की पुन्हा थंड, असा अनुभव येत असेल तर पाणी कमी असल्याची किंवा पंप दुबळा झाल्याची ती खूण समजावी.

पातळी पाहण्याची वेळ सकाळची, इंजिन पूर्ण थंड असतानाची. प्लॅस्टिकच्या टाकीवर कमाल व किमान अशा दोन खुणा असतात; पाणी त्यांच्या दरम्यान असावे. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळे झाकण आहे, तेथे ते उघडून आतही पाहावे, कारण टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा अशी स्थितीही असू शकते. गरम इंजिनाचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. हे झाकण नुसते झाकण नसते. ते आतील पाण्यावर बाहेरच्या हवेहून सुमारे एक वातावरण इतका जादा दाब टिकवून धरते. त्या दाबाखाली शुद्ध पाणीही १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो, पाणी एकदम उकळून उसळी घेते आणि उघडणाऱ्याचे तोंड, छाती व हात भाजतात. घाटाच्या कडेला गाडी थांबवून घाईने झाकणाला हात घालणाऱ्या माणसाला, चिंधी धरली आहे एवढ्यावर विसंबू देता कामा नये.

पाणी घातले आणि हीटर सुरू झाला, म्हणजे काम संपले असेही नाही. ही बंदिस्त व्यवस्था आहे. तिच्यातील पाणी आपोआप संपत नाही. ते जाते कोठे, हे शोधलेच पाहिजे. नळ्यांच्या क्लिपा सैल झालेल्या असतात, पंपाखाली ओघळ दिसतो, रेडिएटरच्या जाळीवर हिरवट किंवा गुलाबी डाग पडलेले असतात. चालकाशेजारच्या बाजूची सतरंजी ओली लागत असेल, गाडीत गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट धुके साचत असेल, तर हीटर कोअरच गळत आहे असे समजावे. नवा कोअर मिळेपर्यंत दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून त्याला वगळता येते. गाडी चालते, हीटर मात्र बंद राहतो. बाहेर कोठेही गळती नसता पाणी घटत असेल, धुराड्यातून इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ निघत असेल किंवा टाकीत सतत बुडबुडे दिसत असतील, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. तेथे जाणकार मिस्त्रीखेरीज इलाज नाही.

घाटातील परीक्षा

चढावर इंजिन तापू लागले की हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवावा, खिडक्या उघडाव्यात, ही जुन्या चालकांची युक्ती शास्त्राला धरून आहे. कसारा, खंबाटकी किंवा आंबोलीचा घाट मे महिन्यात चढताना आतल्या माणसांचे हाल होतात खरे, परंतु हीटर कोअर त्या वेळी दुसऱ्या रेडिएटरचे काम करतो आणि इंजिनाची काही उष्णता काढून घेतो.

याच युक्तीत एक परीक्षाही दडलेली आहे. काटा तांबड्या खुणेकडे सरकत असताना हीटर लावला आणि त्यातून गरम वारा आला, तर पाणी अजून फिरत आहे. मात्र काटा वर आणि वारा थंड, अशी जोडी दिसली तर क्षणाचाही विलंब न लावता गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. पाणी संपले आहे किंवा पंपाने काम थांबविले आहे, असाच याचा अर्थ. पुढच्या गावापर्यंत कसेबसे जाऊ, या विचाराने केलेल्या दोन-तीन किलोमीटरांत सिलिंडर हेड वाकते आणि काही शेकड्यांत निभावले असते अशा नळीच्या कामाचे रूपांतर इंजिन उघडण्याच्या कामात होते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतणे हाही तसाच घात. धातूला तडा जाऊ शकतो.

काट्याविषयी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. तापमान मोजणारे उपकरण पाण्यात बुडालेले असेल तरच बरोबर वाचन देते. पाण्याची पातळी त्याच्याखाली गेली की ते हवेचे किंवा वाफेचे तापमान दाखवू लागते आणि इंजिन भाजत असताना काटा मध्यावर किंवा खालीही दिसू शकतो. अशा वेळी चालकाजवळ उरलेली खूण एकच, ती म्हणजे थंड पडलेला हीटर.

काढून टाकलेला पहारेकरी

थर्मोस्टॅट उघडाच अडकून राहिला, तर गरम व्हायच्या आतच पाणी रेडिएटरकडे धावते. गाडी उभी असताना वारा बरा लागतो. वेग घेतला किंवा घाट उतरू लागली की तो निवतो आणि काटाही नेहमीपेक्षा खाली राहतो. हा दोष ओळखणे सोपे आहे आणि भाग फार महागही नसतो.

दुर्दैवाने पुष्कळ गाड्यांत तो भाग जागेवरच नसतो. आपला प्रदेश उष्ण, येथे थर्मोस्टॅट हवाच कशाला, अशा समजुतीने एखाद्या दुरुस्तीच्या वेळी तो काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ होती व अजूनही ती पूर्णपणे गेलेली नाही. ही समजूत चुकीची आहे. इंजिन अति तापू नये हे जितके आवश्यक, तितकेच ते पुरेसे तापणेही आवश्यक असते. सदैव थंड चालणाऱ्या इंजिनात इंधन नीट जळत नाही, खर्च वाढतो, तेलात ओलावा साचून गाळ होतो आणि झीज लवकर होते. पंचायत समितीच्या एखाद्या गाडीचे डिझेल हिवाळ्यात का वाढले, याचे उत्तर चालकाच्या पायात नसून या हरवलेल्या पहारेकऱ्यात असू शकते.

दोन नळ्यांची साक्ष

दोष नेमका कोठे आहे, हे कळण्यासाठी हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या पुरेशा असतात. इंजिन चांगले तापल्यावर, हीटर पूर्ण गरमवर ठेवून काही मिनिटे चालवावा. मग इंजिन बंद करून या नळ्यांना जाड फडक्यातून जपून हात लावून पाहावे. विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून बोटे व सैल कपडे त्यापासून दूर असावेत.

दोन्ही नळ्या गरम असूनही वारा थंड असेल, तर पाण्याची बाजू निर्दोष आहे. दोष झडपेचा. जुन्या गाड्यांत तिची तार निसटलेली असते. नव्या गाड्यांत ती हलविणारी छोटी मोटर बिघडते आणि डॅशबोर्डमागून टकटक असा आवाज येतो. एक नळी गरम आणि दुसरी जवळजवळ थंड असेल, तर कोअर तुंबला आहे अथवा ज्या गाड्यांत हीटरच्या वाटेवर वेगळा व्हॉल्व्ह असतो, तेथे तो बंद अडकला आहे. दोन्ही थंड आणि इंजिन मात्र तापलेले, असे असेल तर पाणी कमी आहे, पंप दुबळा आहे किंवा वाटेत हवा अडकली आहे.

हवा अडकणे हा प्रकार बहुधा दुरुस्तीनंतर घडतो. नळी किंवा रेडिएटर बदलला, पाणी भरले, पण उंचावरील कोअरमध्ये हवेचा बुडबुडा तसाच राहिला. गाडी चढावर, तोंड वर करून उभी करावी, थंड इंजिनाचे झाकण उघडे ठेवावे, हीटर गरमवर ठेवून इंजिन सुरू करावे आणि बुडबुडे निघतील तसे पाणी घालत जावे. पाणी फार तापून उसळू लागण्यापूर्वीच झाकण लावून टाकावे. काही गाड्यांत हवा सोडण्यासाठी वेगळा स्क्रू दिलेला असतो आणि काहींची रीत याहून वेगळी असते. म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका आधी वाचावी.

विहिरीचे पाणी

कोअर का तुंबतो, याचे उत्तर महाराष्ट्राच्या जमिनीतच आहे. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे आणि विंधन विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्याने अंघोळीच्या बंबाच्या आत पांढरा थर कसा बसतो, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. वाटेतल्या हापशाचे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले, तर तोच थर इंजिनातही बसतो. त्यात गंजाची भर पडते. कोअरच्या नळ्या अरुंद असल्याने त्या आधी भरतात. रेडिएटरची पाळी नंतर येते. तेव्हा हीटर तुंबला म्हणजे नुसता कोअर धुऊन थांबणे शहाणपणाचे नाही. संपूर्ण पाणी बदलावे. कोअर धुताना उलट्या दिशेने बेताच्या दाबाने पाणी सोडावे. कॉम्प्रेसरची हवा मारली की जुने सांधे हमखास फुटतात.

यावरील उपाय म्हणजे कूलंट. बहुधा ते इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्यांचे मिश्रण असते. काही डबे तयार मिश्रणाचे, तर काही शुद्ध पाणी मिसळावे लागणारे असतात, म्हणून लेबल वाचणे आवश्यक आहे. मिसळायचे पाणी डिस्टिल्ड असावे. अडचणीच्या प्रसंगी साधे पाणी घालून गाडी घरी आणण्यास हरकत नाही, मात्र नंतर ते बदलावे. समसमान मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. लडाख किंवा स्पितीकडे गाडी घेऊन जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि निव्वळ पाण्यावर चालणारे इंजिन तेथे एका रात्रीत तडकू शकते. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. काढलेले कूलंट अंगणात ओतू नये. मुले आणि जनावरे दोघांनाही ते घातक आहे.

पावसाळ्यात हीटरचा दुसरा उपयोग होतो. माळशेज किंवा ताम्हिणीत पुढील काच आतून धुरकट झाली, तर वातानुकूलन यंत्र हवेतील ओल काढते आणि हीटर काच तापवितो. म्हणून दोन्ही एकत्र चालवावीत आणि बाहेरची हवा आत घ्यावी. धुके काचेच्या बाहेरील अंगावर असेल, तर उलट आतला गारवा कमी करून वायपर फिरवावा. कोणत्या अंगावर धुके आहे, ते बोट फिरवून लगेच कळते.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत

नवजात बालकाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असावे लागते. कमी वजनाच्या बाळाला ते स्वतःच्या बळावर राखता येत नाही. म्हणून हिवाळ्यातील रात्रीच्या प्रवासात गाडी बाळाला आत घेण्यापूर्वीच ऊबदार झालेली असावी. वाटेत हीटर बंद पडलाच, तर बाळाला कोरडे ठेवून, टोपी घालून, आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लागेल असे धरावे आणि वरून दोघांना पांघरूण घालावे. गाडीत पेटती शेगडी ठेवणे हा उपाय कधीही करू नये. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत वा शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हीटर लावून झोपणेही त्याच कारणासाठी प्राणघातक ठरते.

विद्युत मोटारींत तापलेले इंजिनच नसल्याने वरील बरेचसे विवेचन त्यांना लागू नाही. तेथे विजेवर तापणारे घटक किंवा उष्णता-पंप असतात आणि नारिंगी आवरणाच्या तारांत उच्च दाबाची वीज असते. त्यांना प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी हात लावू नये.

आरोग्य केंद्राची गाडी असो वा पंचायत समितीची, दिवाळीच्या सुमारास दहा-पंधरा किलोमीटर चालवून हीटर एकदा पूर्ण गरमवर लावून पाहावा, काळजीपूर्वक एवढे केले तरी पुष्कळ आहे. लॉगबुकात डिझेल व किलोमीटर यांच्या नोंदी होतातच. त्यांशेजारी रेडिएटरमध्ये घातलेल्या पाण्याची नोंदही तारखेसह ठेवता येईल. आठवड्यात दोनदा अर्धा-अर्धा लिटर पाणी घातल्याची नोंद दिसली, तर ती गाडी रात्रीच्या फेरीला न पाठविता आधी गॅरेजमध्ये पाठवावी.